दुकानाच्या पॅनेलमधला एमसीबी वारंवार पडतो तेव्हा

एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा पॅनेलमधला खटका, पडला, वर केला, तासाभराने पुन्हा पडला. दोन-चार दिवस असं चाललं की कुणीतरी सुचवतं, "३२ अँपिअरचा काढून ४०चा टाका, कटकट मिटेल." ट्रिपिंग खरंच थांबतं. पण भिंतीतली वायर तीच राहते आणि तिला वाचवणारं मधे कुणी उरत नाही. एमसीबी हा वायरीचा राखणदार आहे. त्याचा आकडा वायर बघून ठरतो, लोड बघून नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

उदाहरण म्हणून नेहमी दिसणारी मांडणी घेऊ: मिठाई-फरसाणाचं दुकान, ८ वे टीपीएन डीबी (तिन्ही फेज आणि न्यूट्रल येणारी वाटपाची पेटी), इनकमर (पेटीचा मुख्य खटका) ६३ अँपिअर फोर पोल, आर, वाय, बी या तीन फेजवर वाटलेले सिंगल पोल एमसीबी. त्यात वाय फेजवरचा सी-३२ (३२ अँपिअरचा, 'सी' कर्व्हचा; कर्व्हबद्दल पुढे येतं) रोज दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पडतो. सकाळी कधीच पडत नाही, रात्री क्वचित.

काम कोणी करायचं

पॅनेलचं झाकण उघडून आत हात घालण्याचं काम परवानाधारक वायरमनचं किंवा ठेकेदाराचं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३चे सुरक्षा विनियम हेच सांगतात. दुकानदाराने किंवा मॅनेजरने करायच्या गोष्टी वेगळ्या आणि तितक्याच उपयोगाच्या आहेत. एक वही ठेवायची. एमसीबी पडला की वेळ, त्या क्षणी काय काय चालू होतं, नुकतंच काय चालू केलं, पाऊस होता का, लाइट जाऊन आली होती का, एवढं लिहायचं. चार-पाच नोंदी झाल्या की निम्मं निदान त्या वहीतच असतं.

एमसीबी एकदा पडला तर त्यावरची उपकरणं बंद करून एकदाच वर करून बघायला हरकत नाही. लगेच खट्‌कन पडला, तर पुन्हा हात लावू नका. शॉर्टवर एमसीबी चार-चारदा चढवला की दर वेळी आतले कॉन्टॅक्ट भाजतात. जळका वास, झाकणावर पिवळट-तपकिरी डाग, चरचर असा आवाज, यातलं काही असेल तर एकदाही चढवायचा नाही. मेन बंद करून वायरमनला बोलवा.

किती वेळाने पडतो?

एमसीबीत दोन यंत्रणा असतात. एक द्विधातूची पट्टी, ती तापून वाकते आणि हळूहळू ट्रिप करते. दुसरी कॉइल, ती मोठा करंट आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडते. म्हणून पहिला प्रश्न "कशामुळे पडतो" हा नसून "किती वेळाने पडतो" हा असतो.

चढवल्याबरोबर, सगळी उपकरणं बंद असतानाही पडला, तर वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल किंवा फेज-अर्थ शॉर्ट आहे. उंदराने कुरतडलेली वायर, फॉल्स सीलिंगमधला उघडा जॉइंट, शेल्फ ठोकताना वायरीत गेलेला स्क्रू, पाणी शिरलेला बाहेरचा प्लग ही नेहमीची ठिकाणं.

एखादं ठरावीक उपकरण सुरू करताना पडला आणि दुसऱ्यांदा चढवल्यावर चालला, तर तो सुरुवातीच्या करंटचा धक्का. कर्व्ह म्हणजे किती पट करंटला लगेच पडायचं याचा प्रकार. बी कर्व्हचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पटीत तत्काळ पडतो, सी ५ ते १० पटीत, डी १० ते २० पटीत. पीठ मळायच्या मिक्सरची ५ एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते, पण थेट सुरू करताना त्याच्या ६-७ पट, म्हणजे ५० अँपिअरच्या आसपास. सी-१०ची तत्काळ ट्रिपची हद्द ५० अँपिअरपासूनच सुरू होते. तिथे एमसीबी खराब नसतो, कर्व्ह चुकलेला असतो. डी-१० लावायचा. आकडा वाढवायची गरज नसते. मात्र डी कर्व्ह लावताना लांबच्या टोकाला शॉर्ट झाल्यावर तेवढा करंट येईल का, हे वायरीची लांबी आणि अर्थिंग बघून ठरवावं लागतं. म्हणून सगळ्या पॅनेलला सरसकट डी लावणं चूकच.

एलईडीच्या बाबतीतही हेच होतं. शोरूममधले चाळीस-पन्नास ड्रायव्हर (दिव्याला वीज देणारे छोटे डबे) एकाच खटक्यावर असले तर चालू वॅट कमी दिसतात, पण प्रत्येक ड्रायव्हरमधला कपॅसिटर पहिल्या क्षणी मोठा करंट ओढतो. बी-१० सकाळी दुकान उघडताना पडतो, मग दिवसभर ठीक. दिवे दोन-तीन खटक्यांवर वाटून द्या, सी कर्व्ह घ्या.

लाइट जाऊन आल्यावर पडत असेल, तर सगळे कॉम्प्रेसर एकदम उठतात हे कारण बघा. फ्रीझर, काउंटर आणि एसीला दोन-पाच मिनिटांचा वेगवेगळा टाइम डिले दिला की तक्रार जाते, आणि कॉम्प्रेसरही वाचतात.

वीस मिनिटं, पाऊण तास, दोन तास चालून मग पडत असेल, तर गरमीचा मामला. एक तर ओव्हरलोड, नाही तर लूज कनेक्शन, नाही तर दोन्ही. वरच्या दुकानातलं दुखणं याच जातीचं.

दुपारीच का पडतो

३२ लिहिलं आहे म्हणून एमसीबी ३३ अँपिअरला पडत नाही. आयएस/आयईसी ६०८९८-१ प्रमाणे आकड्याच्या १.१३ पट करंटला तो तासभर टिकलाच पाहिजे, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे सी-३२ साठी ३६.२ अँपिअरपर्यंत तासभर टिकणार आणि ४६.४ला नक्की पडणार. मधल्या पट्ट्यात कधी पडेल ते सांगता येत नाही.

पण हे आकडे ३० अंश सेल्सिअसचे आहेत. मे महिन्यात भट्टीच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवरच्या बंद डीबीत आतलं तापमान ५० ते ५५ अंशांवर सहज जातं. द्विधातूची पट्टी आधीच अर्धी वाकलेली असते. तापमान १० अंशांनी वाढलं की एमसीबीची क्षमता ढोबळमानाने ४ ते ६ टक्क्यांनी उतरते. नेमका तक्ता कंपनीच्या कॅटलॉगमध्ये असतो, तो बघावा. त्यात दोन्ही बाजूंचे एमसीबीही भरल्या लोडवर चिकटून बसलेले असतील तर आणखी उतरते. अशा वेळी सी-३२ हा प्रत्यक्षात २८-२९चा होऊन बसतो.

आता क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा) लावा. दुपारी तीन वाजता, सगळं चालू असताना. सकाळी दहाला घेतलेलं रीडिंग या तक्रारीत काहीच सांगत नाही. आपल्या दुकानात त्या एका सर्किटवर हे निघतं: दोन टनाचा एसी १० अँपिअर, दोन डीप फ्रीझर मिळून ६, मिठाईचे दोन गार काउंटर मिळून ८, मायक्रोवेव्ह ८, बिलिंग आणि बोर्डाचे दिवे २. एकूण ३४. सकाळी मायक्रोवेव्ह बंद आणि एसी मंद, म्हणून २० च्या आत. दुपारी सगळे कॉम्प्रेसर एकाच वेळी फिरतात, एमसीबी तापलेला असतो, आणि पाऊण तासात पडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वायर बघितल्यावर कळते. त्या सर्किटला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आहे. पाइपमधून गेलेली पीव्हीसी वायर, दोन कंडक्टर, भोवतालचं तापमान ४० अंश धरलं तर तिची क्षमता साधारण २८ अँपिअर. २.५ ची २१, ६ ची ३६, १० ची ५०. एकाच पाइपात दोन-तीन सर्किटं कोंबलेली असतील तर आणखी कमी. म्हणजे या वायरीवर सी-३२ मुळातच मोठा होता. ४० टाकला असता, तर २८ची वायर ३४ अँपिअर रोज वाहत राहिली असती आणि तक्रार आलीच नसती. इन्सुलेशन आतून कडक होत जातं, तडकतं, आणि एक दिवस पाइपातच शॉर्ट होतो.

उपाय लोड वाटण्याचा. तिन्ही फेजचे करंट एकत्र बघितले तर आर १८, वाय ४१, बी २२ असं निघतं. पॅनेलमध्ये जागा आहे, नुसती वाटणी बिघडलेली आहे. एसीला स्वतंत्र ४ स्क्वेअरची वायर ओढून आर फेजवर सी-२० वर घेतला, मायक्रोवेव्हला २.५ स्क्वेअरने बी फेजवर सी-१६ वर घेतलं, की जुन्या सर्किटवर १६ अँपिअर उरतात. तिथला सी-३२ काढून सी-२० बसवायचा, कारण आता तो वायरीला शोभतो. फेजचं चित्र २८, २३, ३० होतं.

ही वाटणी करताना एक ठेच हमखास लागते. काही डीबीत प्रत्येक फेजला वेगळा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा ब्रेकर, त्याबद्दल पुढे) आणि वेगळी न्यूट्रल लिंक (न्यूट्रल तारा जोडायची पट्टी) असते. वायरमन फेजची तार आर वर नेतो आणि न्यूट्रल वायच्या लिंकवरच ठेवतो. मग लोड सुरू होताच दोन्ही आरसीसीबी पडतात. फेज हलली की तिची न्यूट्रलही तिच्या घरी गेली पाहिजे.

एकूण लोड वाढत असेल तर मंजूर भार किती आहे तेही वीजबिलावर बघून घ्या. तो ओलांडला जात असेल तर आधी वीज कंपनीकडे भार वाढवून घ्यावा, मग इनकमर आणि मेन केबलचा विचार करावा.

लोड कमी, तरी पडतो

क्लॅम्प मीटर १८ अँपिअर दाखवतो, एमसीबी सी-३२, वायरही पुरेशी, आणि तरी अर्ध्या तासाने पडतो. इथे बहुतेक वेळा स्क्रू ढिला असतो. ढिल्या जोडावर विरोध वाढतो, जोड तापतो, ती उष्णता तांब्यातून सरळ एमसीबीच्या आत जाते आणि पट्टीला वाटतं की करंट जास्त आहे. जोड वरच्या टर्मिनलवरच्या तारेचा असो किंवा खालच्या बसबारचा (एमसीबींना सप्लाय देणारी धातूची पट्टी), परिणाम तोच. बसबारकडचा स्क्रू कुणी बघत नाही, आणि तोच जास्त वेळा दोषी निघतो.

बंद करायच्या आधी हे मोजून घेता येतं, पण ते चालू पॅनेलवरचं काम आहे. कॅट-३ दर्जाचा मीटर, टोकापर्यंत झाकलेले प्रोब, रबरी हातमोजे, आणि मोजणारा प्रशिक्षित. मीटर एसी मिलिव्होल्टवर घेऊन एक प्रोब एमसीबीच्या वरच्या टर्मिनलवर, एक खालच्या. लोड चालू असताना एमसीबीवर किती व्होल्टेज पडतं ते दिसतं. मानकाप्रमाणे ३२ अँपिअरच्या एका पोलमध्ये पूर्ण लोडवर ६ वॅटपेक्षा जास्त उष्णता निघू नये, म्हणजे ३२ अँपिअरला जास्तीत जास्त १९० मिलिव्होल्ट. १८ अँपिअरला त्या हिशेबाने १०५च्या आत. तिथे ३०० दिसले तर कॉन्टॅक्ट भाजलेले आहेत. आता प्रोब स्क्रूवरून काढून थेट तारेच्या तांब्यावर आणि बसबारवर टेकवा. आकडा एकदम वाढला तर दोष जोडात आहे. शेजारच्या तशाच एमसीबीशी तुलना केली की शंका उरत नाही. थर्मल कॅमेरा असेल तर हे काम झाकण उघडून दुरूनच होतं.

मोटरचं सर्किट असेल तर आणखी दोन गोष्टी. व्होल्टेज उतरलं की मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढते. गावाकडच्या फीडरवर संध्याकाळी ३६०-३७० व्होल्ट मिळत असेल तर दोष पॅनेलचा नाही. आणि तीनपैकी एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजवर मोटर गुरगुरते, करंट वाढतो. तिथे पडणारा ब्रेकर मोटर वाचवतोय. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) बसवा.

पडतोय तो एमसीबी की आरसीसीबी?

फोनवर सगळेच "एमसीबी पडतो" म्हणतात. जाऊन बघावं तर पडलेला असतो आरसीसीबी, ज्यावर टी लिहिलेलं टेस्टचं बटण असतं. त्याचं काम पूर्ण वेगळं. तो ओव्हरलोड बघतच नाही, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने परत आला की नाही एवढंच बघतो. त्यामुळे लोड कमी करून तो थांबणार नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी यांच्या फिल्टरमधून थोडी गळती कायम अर्थिंगला जात असते. एकेकाची मिलिअँपिअरभर धरली तरी बारा-पंधरा उपकरणं एका आरसीसीबीवर आली की तो काठावर बसतो, आणि मग लाइट लुकलुकली तरी पडतो. कायमची गळती ३० च्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, म्हणजे ९ च्या आसपास ठेवायची. त्यासाठी सर्किटं दोन-तीन आरसीसीबीवर किंवा प्रत्येकाला आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) लावून वाटायची. ३० काढून १०० मिलिअँपिअरचा लावणं हा उपाय नाही, कारण माणसाचा जीव ३० वाला वाचवतो. इन्व्हर्टर एसी असेल तर निदान ए टाइपचा आरसीसीबी घ्या आणि थ्री फेज व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर बी टाइपचा, नुसता 'एसी' (आल्टरनेटिंग करंट) टाइपचा आरसीसीबी तिथे भरवशाचा नाही.

गळती मोजायला लीकेज क्लॅम्प मीटर हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र जबड्यात घ्यायच्या, मग जो आकडा उरतो ती गळती. एकेक एमसीबी पाडत गेलं की चोर सापडतो.

पावसाळ्यात पडणाऱ्या आरसीसीबीत पहिल्यांदा दुकानाची पाटी बघा, मग एसीचं बाहेरचं युनिट, मग गच्चीवरचा पंप. गीझरचं कॉइल फुटलं की थंड असताना ठीक आणि तापल्यावर ट्रिप असं होतं. आणि एक हट्टी प्रकार: एमसीबी पाडल्यावरही आरसीसीबी टिकत नाही. तिथे न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकलेली असते. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून लिंकवरून न्यूट्रल एकेक सोडून बघावी लागते.

शॉर्ट शोधणं

सप्लाय बंद, त्या सर्किटची सगळी उपकरणं प्लगमधून बाहेर, दिव्यांचे खटके चालू. एमसीबीची तार आणि लिंकवरची न्यूट्रल दोन्ही सोडा. ५०० व्होल्ट डीसी मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) घ्या. पहिली चाचणी फेज आणि न्यूट्रल एकत्र पिळून अर्थिंगशी. असं केल्याने चुकून एखादा ड्रायव्हर जोडलेला राहिला तरी तो जळत नाही. १ मेगओहमच्या खाली आलं तर सर्किट नापास. चांगल्या कोरड्या वायरिंगला ५०-१०० च्या वर दिसतं. २-३ मेगओहम म्हणजे पास, पण ओल शिरते आहे हे समजून घ्या.

फेज ते न्यूट्रल मेगर करायचं असेल तर प्रत्येक एलईडी आणि स्पीड रेग्युलेटर खरोखर सुटलेला हवा. हे बघायला वेळ नसेल तर ती चाचणी करू नका, मल्टिमीटरच्या ओहमवर बघा.

वायर नापास निघाली तर मधला जॉइंट बॉक्स उघडून सर्किट दोन भागांत तोडा, दोन्ही भाग मोजा, वाईट अर्धा पुन्हा तोडा. तीन-चार फेऱ्यांत जागा सापडते. भिंत फोडायला सुरुवात नंतर.

बदलायचा कधी, आणि कोणता

सुटे करून बघितल्यावर टर्मिनल काळं पडलेलं किंवा बॉडी वितळलेली असेल, दांडी वर करताना खटका बसत नसेल, मिलिव्होल्ट वाढलेले असतील, किंवा मोठा शॉर्ट तोडल्यावर आवाज-धूर झाला असेल, तर बदला. लोड पुरेसा कमी आहे, जोड घट्ट आहेत, वायर पास आहे, आणि तरी पडतो, तेव्हाही बदला. पट्ट्या वर्षानुवर्षं तापून सैल पडतात.

नवा घेताना पोल, आकडा, कर्व्ह आणि ब्रेकिंग क्षमता जुळवा. ब्रेकिंग क्षमता म्हणजे किती मोठा शॉर्ट तो तोडू शकतो ते; साधारण १० केए (दहा हजार अँपिअर) घेतात. ट्रान्सफॉर्मर इमारतीतच असेल तर शॉर्ट सर्किटचा हिशेब करून घ्या. कंपनी शक्यतो डीबीचीच. वेगळ्या कंपनीचा एमसीबी रेलवर बसतो, पण बसबारची उंची दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असते आणि स्क्रू पट्टीच्या कडेवर जेमतेम धरतो. तो जोड सहा महिन्यांनी जळतो. आयएसआय मार्क आणि त्याखालचा सीएम/एल क्रमांक बघा, तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. बाजारात नकली एमसीबी भरपूर आहेत, वजनाने हलके लागतात.

बदलण्याची रीत

दुकानात आधी सांगा, बिलिंगचं मशीन आणि कॉम्प्युटर बंद करून घ्या. इनकमर पाडा, त्याच्या मागचा मेन स्विच किंवा एमसीसीबी (मोठ्या करंटचा ब्रेकर) पाडा, कुलूप घालून पाटी लावा. जनरेटर, इन्व्हर्टर, छतावरचं सोलर यांचा सप्लाय त्या डीबीत कुठून येतो ते बघा आणि तोही तोडा. निऑन टेस्टरवर विसंबू नका. मीटर आधी माहीत असलेल्या चालू सप्लायवर तपासा, मग पॅनेलवर आर-वाय, वाय-बी, बी-आर, प्रत्येक फेज ते न्यूट्रल, प्रत्येक फेज ते अर्थ, शेवटी मीटर पुन्हा चालू सप्लायवर. नुसता इनकमर पाडला असेल तर त्याच्या येणाऱ्या टर्मिनलांवर ४१५ व्होल्ट तसेच आहेत, हे विसरून हात भाजलेले पुष्कळ आहेत.

फोटो काढा. तारांना आर-१, वाय-३ अशा पट्ट्या लावा. न्यूट्रल लिंकच्या मुख्य तारेला या कामात हात लावायचा नाही. ती चालू सप्लायवर सुटली तर दोन फेजमधली उपकरणं एकामागे एक जोडली जातात आणि हलक्या लोडवर ३५०-४०० व्होल्ट चढतो. एका मिनिटात दुकानातले सगळे फ्रीझर, टीव्ही, कॉम्प्युटर जातात.

वरची तार सोडा, बसबारचा स्क्रू ढिला करा, स्क्रूड्रायव्हरने क्लिप खाली ओढून एमसीबी रेलवरून पुढे कलवून काढा. तारेचं टोक बघा. तांबं काळपट-निळसर झालं असेल किंवा इन्सुलेशन दगडासारखं कडक लागत असेल, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. तार आखूड पडली तर डीबीत नवा तुकडा जोडावा लागतो, पण तो क्रिम्प करून (धातूची नळी घालून दाबून), पिळून टेप गुंडाळून नाही. १० ते १२ मिमी सोला, बारीक तारांच्या वायरीला पिन लग (टोकाला बसवायची धातूची पिन) क्रिम्प करा. एक-दोन तारा तोडून "बसवलेली" वायर म्हणजे उद्याची तक्रार.

आता बारकाईने बघायची जागा. एमसीबीच्या तोंडात एक धातूची चौकट असते, स्क्रू फिरवला की ती वर सरकून तार दाबते. स्क्रू पूर्ण ढिला नसेल तर तार चौकटीच्या आत न जाता तिच्या मागे, प्लास्टिकच्या बाजूला जाते. स्क्रू घट्ट लागतो, बाहेरून काही कळत नाही, तार नुसती कडेला टेकलेली असते. म्हणून स्क्रू पूर्ण उघडा, टॉर्चने चौकट खाली आहे हे बघा, तार घाला, आवळा, मग तार हाताने जोरात ओढून बघा. बसबारचं बोटही असंच चौकटीत गेलंय का ते बघा. आवळण्याचं माप एमसीबीच्या कडेला किंवा पत्रकात छापलेलं असतं, साधारण २ ते ३.५ न्यूटन-मीटर. त्यासाठी टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या. अंदाजाने जास्त पिळलं तर चौकट फाटते. एका टर्मिनलमध्ये दोन जाडीच्या तारा घालू नका, बारीक तार ढिली राहते. अॅल्युमिनियमची केबल असेल तर बायमेटॅलिक लगशिवाय तांब्याच्या टर्मिनलवर घ्यायची नाही.

पॅनेलमध्ये पडलेले तारेचे तुकडे ब्रशने काढा. रिकाम्या जागांना ब्लँक प्लेट लावा, नाही तर पाल आत जाऊन बसबारवर शॉर्ट करते. मग मेन, इनकमर, आरसीसीबीचं टी बटण दाबून चाचणी, मग लोडशिवाय एमसीबी, मग एकेक उपकरण. अर्ध्या तासाने भरल्या लोडवर करंट आणि मिलिव्होल्ट पुन्हा घ्या, आकडे झाकणाच्या आतल्या चार्टवर तारखेसह लिहा. चार्ट नसेल तर आजच चिकटवा. "वाय-३, मागचे फ्रीझर व काउंटर, सी-२०, ४ स्क्वेअर" एवढं लिहिलं तरी पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो, आणि तो २० च्या जागी ३२ टाकत नाही.

इनकमरही सोबत पडतो

लहान एमसीबीसोबत ६३ चा इनकमरही पडून सगळं दुकान अंधारात जात असेल, तर शॉर्टचा करंट दोघांच्याही तत्काळ हद्दीत गेलेला आहे. सी-६३ ची ती हद्द ३१५ ते ६३० अँपिअर, आणि हजारभर अँपिअरचा शॉर्ट दुकानात सहज होतो. दोन एमसीबी मागेपुढे लावून हे पूर्ण टळत नाही. इनकमरला वेळ लांबवता येणारा एमसीसीबी, किंवा त्याच कंपनीच्या सिलेक्टिव्हिटी तक्त्यात (कोणता ब्रेकर आधी पडेल ते दाखवणाऱ्या) जुळणारी जोडी घ्यावी लागते.

इनकमर एमसीसीबी असेल आणि तोच एकटा पडत असेल, तर समोरची गोल डायल आधी बघा. १०० अँपिअरचा एमसीसीबी ०.८ वर ठेवला असेल तर तो ८०चाच आहे. मुख्य केबल १०० ला पुरेशी असल्याची खात्री झाल्याशिवाय ती डायल फिरवायची नाही. ट्रिप झालेला एमसीसीबी मधल्या जागी थांबतो. तो आधी जोर देऊन पूर्ण खाली न्यायचा, मगच वर. कित्येकदा "एमसीसीबी खराब झाला, चढतच नाही" या तक्रारीत एवढंच करायचं असतं.